जमिनीसाठी एकच चौकोन

सासरे : पण मी नक्की करायचं काय, ते एकदा नीट सांग. नुसतं उभं राहायचं?

सून : उभं राहायचं, बाबा. आणि तीन मिनिटं बोलायचं नाही. हे तिपाईवरचं यंत्र आवाज मोजतंय. तुम्ही बोललात तर तुमचाही आवाज त्यात जमा होईल.

सासरे : तीन मिनिटं माणसाला गप्प ठेवणारं यंत्र. तुझ्या सासूला कळलं तर असलं एक घरात बसवून मागेल.

सून : बाबा.

सासरे : गप्प बसलो.

सून : झालं. बोला आता.

सासरे : आता काही सुचत नाहीये. किती आलं?

सून : एक्केचाळीस डेसिबल. पाचव्यांदा एक्केचाळीस.

सासरे : पाच वेळा तेच उत्तर आलं म्हणजे बरोबर असणार. मग चेहरा असा का केलायस?

सून : कारण माझ्या संगणकात याच जागी, याच खिडकीपाशी अठ्ठेचाळीस आलेत.

सासरे : सातचाच फरक ना? आम्ही मैदान पावलांनी मोजायचो तेव्हा दोघांत सात पावलांचा फरक पडायचा. चहा घेऊन पुन्हा मोजायचो.

सून : डेसिबलचं गणित आडमुठं असतं, बाबा. तिकडे गवताच्या पलीकडे ते शीतगृह दिसतंय ना, मोठ्या जाळ्यांमागे पंखे फिरतायत? तसलीच पाच शीतगृहं शेजारी शेजारी उभी केली, तर सात वाढतात.

सासरे : म्हणजे इथे आहे एक, आणि तुझ्या संगणकाला ऐकू येतात पाच.

सून : हो.

सासरे : मग त्याला कानाच्या डॉक्टरला दाखव. इस्पितळ आपल्या पाठीशीच आहे.

सून : हसण्यावारी नेऊ नका हो. या खिडक्यांमागे चोवीस खाटा आहेत. महिनोन्‌महिने अंथरुणाला खिळलेली माणसं. मेट्रनबाई मघाशी सांगत होत्या, शीतगृह नवीन आलं तेव्हा सगळ्यांनी कुरकुर केली, आता ते पंखे लांबच्या नातेवाइकासारखे झालेत. आहेत हे माहीत असतं, पण त्रास नाही. दुपारी खिडक्या उघड्या ठेवून झोपतात.

सासरे : मग बिघडलं कुठे? झोपू दे की.

सून : फाटकाशी पिवळा रोलर उभा होता तो पाहिलात? उद्या सकाळी आठला तो आत येणार. या गवतावर फरसबंदी करून गाड्या लावायची सोय करायचीय. इस्पितळाच्या विश्वस्तांनी आमच्या ऑफिसला विचारलं होतं, की फरशी घातली तर खोलीत पंख्यांचा आवाज वाढेल का. वाढणार असेल तर नको म्हणाले. चांगली माणसं आहेत. मी संगणकात सगळं उभं केलं, एकदा गवत धरून, एकदा फरशी धरून, आणि लिहून दिलं की फरक शून्य. खाली माझी सही.

सासरे : शून्य तर उत्तमच. त्यात काळजी कसली?

सून : फार स्वच्छ शून्य होतं, बाबा. शून्य पूर्णांक शून्य शून्य. बाहेरच्या जगात काही हललं की थोडंतरी इकडचं तिकडे होतंच. दोन दिवस तेच डोक्यात घोळतंय.

सासरे : तरीच परवा भाजीत मीठ दोनदा पडलं. मी चकार शब्द काढला नाही. तुझी सासू माझ्याकडेच बघत होती, मी काढतोय का म्हणून.

सून : म्हणून आज यंत्र घेऊन आले. सुट्टीचं. ऑफिसात कोणाला सांगितलं नाही.

सासरे : एक बोलू? पस्तीस वर्षं मैदान राखलं मी. कामाच्या दिवशी दुसऱ्याची चूक शोधणारे ढिगाने पाहिले. सुट्टीच्या दिवशी स्वतःची शोधायला बाहेर पडलेलं माणूस आज पहिल्यांदा बघतोय. आणि ते आमच्या घरातलं निघालं. बरं, आता सांग, काय काय तपासलंस?

सून : यंत्र दोनदा. वारा मंद आहे आणि पंख्यांकडून खिडकीकडेच वाहतोय. पंखे सगळे चालू आहेत, शीतगृहाच्या फोरमनला विचारून आले. इमारती मीटर-मीटरने मोजून संगणकात बसवल्यात. खिडक्याच काय, जाळीच्या पट्ट्यासुद्धा काढल्यात.

सासरे : आणि हिचं काय?

सून : कोणाचं?

सासरे : जिच्यावर आपण उभे आहोत तिचं. जमिनीचं. ही माझी छत्री बघ. जोर लावला नाही मी, नुसतं टोक टेकवलं. बोटभर आत गेलं की नाही? ही जमीन कोणी दाबलेली नाही, तुडवलेली नाही. वर मुळांची गादी, खाली गांडुळांचे बोगदे. सगळी भोकंच भोकं. आत्ता माझ्या हाताखाली असती तर मी अशी सोडली नसती, रोलर फिरवला असता. पण ते खेळासाठी. आवाजाला हीच चांगली.

सून : हे तुम्हाला कोणी सांगितलं?

सासरे : एका कप्तानाने. म्हणजे त्याने सांगितलं नाही, त्याच्या तोंडाने सांगितलं. अंतिम सामना होता. समितीला मैदान आरशासारखं हवं होतं. तीन दिवस मी जड रोलर फिरवला, गवत खरवडून काढलं, उन्हात जमीन अशी टणक झाली की चेंडू पडला की टाळी वाजल्यासारखं वाटायचं. आता हा कप्तान. दहा वर्षं सगळ्या गावात सभ्य गृहस्थ म्हणून मान. शाळांतून बक्षीस वाटायला बोलवायचे त्याला. त्या दिवशी झेल सुटला, आणि हा मैदानाच्या मध्यभागी जे काही बोलला ते शेवटच्या बाकापर्यंत शब्दन्‌शब्द पोचलं. प्रमुख पाहुण्यांच्या सौभाग्यवतींनी हातातलं विणकाम खाली ठेवलं.

सून : आणि आधी?

सासरे : आधीही तो तेच बोलायचा. दहा वर्षं. मी दोरीच्या आत असायचो, मला माहीत. पण गवतावरून ते दोरीपर्यंत पोचायचंच नाही. समिती म्हणाली, वारा असेल. कोणी म्हणालं, ध्वनिक्षेपक चालू राहिला असेल. मी म्हटलं, रोलर. हसले सगळे. मग मी जमीन मोकळी केली, पाणी मारलं. महिनाभरात गवत आलं आणि कप्तान पुन्हा सभ्य झाला.

सून : बाबा, तुम्ही हे आजवर कधी बोलला नाहीत.

सासरे : जेवताना कसं बोलणार? तो काय म्हणाला ते तुझी सासू विचारील.

सून : तुम्ही म्हणताय ते पुस्तकात आहे. शब्दशः आहे. आवाज कानापर्यंत दोन वाटांनी येतो. एक सरळ, एक जमिनीवर आपटून. जमीन टणक असली की आपटलेला आवाज जसाच्या तसा उसळतो आणि सरळ आवाजाला जाऊन मिळतो. भुसभुशीत असली की तो भोकांत शिरतो, आत दमतो, आणि जो काही उरतो तो उलटा होऊन बाहेर येतो आणि सरळ आलेल्या आवाजाशीच भांडतो. दोघांचं मिळून कमी ऐकू येतं.

सासरे : माझे दोन थोरले भाऊ. दोघे मिळून कामाला लावले की एकापेक्षा कमी काम व्हायचं.

सून : मला पाठ आहे हे. परीक्षेत लिहिलंय मी. थांबा, लॅपटॉप उघडते. छत्री धराल का जरा यावर? उन्हात पडदा दिसत नाही.

सासरे : धरली. केवढं सुंदर काढलंयस गं. हे शीतगृह, हे इस्पितळ, ह्या खिडक्या. झाडसुद्धा आहे. आणि जमीन कुठाय?

सून : जमिनीसाठी हा एक चौकोन असतो. यात एक आकडा भरायचा. शून्य म्हणजे काँक्रीट, डांबर, दगड. एक म्हणजे गवत, नांगरलेलं शेत. मधलं असेल तर मधला आकडा.

सासरे : मी पस्तीस वर्षं जिच्यात घालवली तिला एकच चौकोन?

सून : एकच. आणि तो... बाबा.

सासरे : काय झालं?

सून : शून्य आहे.

सासरे : म्हणजे तू गवतावर आधीच काँक्रीट ओतून ठेवलं होतंस.

सून : आणि मग त्या काँक्रीटवर फरशी घातली, आणि विचारलं की काही फरक पडला का. पडणार कसा? इथे शून्याच्या जागी शून्य पूर्णांक सात घालून बघते. हे बघा. आधी बेचाळीस, फरशीनंतर अठ्ठेचाळीस. उद्या तो रोलर आत आला की या चोवीस माणसांच्या उशाशी चार शीतगृहं आणून उभी केल्यासारखं होणार. माझ्या सहीने.

सासरे : सापडली ना चूक? मग झालं तर. दुरुस्त कर, नवा कागद पाठव. जुन्याला म्हणावं टायपिंगची गडबड.

सून : ते शून्य मी टाकलेलं नाही. मी तो चौकोन उघडलाच नव्हता. आमच्याकडे कोणीच उघडत नाही. आमच्या ऑफिसात एक तयार फाईल आहे, सरांचा साचा म्हणतात तिला. साहेबांनी वीस वर्षांपूर्वी बनवली. जो नवा येतो त्याला पहिल्या दिवशी सांगतात, साचा उघड, नाव बदल, इमारती बदल, बाकीला हात लावू नकोस, सरांनी विचार करून केलंय. आणि खरंच केलंय हो. त्यातला एकेक आकडा बघत मी हे काम शिकले. एकदा मी त्यांना विचारलं होतं, हवेतल्या ओलाव्याचा हा आकडा कुठून आणला, तर ते मला गच्चीवर घेऊन गेले आणि दुपारभर शिकवत बसले. जेवायचं विसरले.

सासरे : माहितीय. रोज रात्रीच्या जेवणाला तुझे साहेब आमच्या ताटात असतात. तुझा नवरा तर आता त्यांच्या वाट्याची पोळी वेगळी काढायला लागलाय.

सून : तीन महिन्यांनी ते निवृत्त होतायत. निरोपाच्या दिवशी ऑफिसातले तो साचा छापून सगळ्यांना देणार आहेत, वर त्यांचं नाव घालून. मीच सुचवलं होतं ते. आता मी काय करू? टायपिंगची गडबड म्हटलं तर मैदान वाचतं आणि साहेबही वाचतात. पण मग पुढचा मुलगा साचा उघडेल, नाव बदलेल आणि दुसऱ्या कोणाच्या तरी गवतावर काँक्रीट ओतेल. आणि खरं सांगायचं तर मला त्यांच्या तोंडावर म्हणावं लागेल की तुमच्या वीस वर्षांच्या कामात शून्य आहे.

सासरे : माणूस कसा आहे? म्हणजे ताटातला नको. खरा.

सून : खरा तसाच आहे. म्हणून तर जड जातंय.

सासरे : मग तो तसाच आहे की नाही, हे कळायची आज चांगली संधी आहे. कर फोन. मी तिकडे तोंड करून उभा राहतो.

सून : केला. मी म्हटलं, सर, जमिनीच्या चौकोनात शून्य आहे आणि मी मैदानात उभी आहे. ते म्हणाले, येतो.

सासरे : एवढंच?

सून : एवढंच.

(अर्ध्या तासाने. साहेब येतात. त्यांचे बूट आणि मोजे गाडीच्या टपावर आहेत.)

साहेब : किती वेळा मोजलंस?

सून : पाचदा, सर. एक्केचाळीस.

साहेब : वारा?

सून : पंख्यांकडून खिडकीकडे. मंद. सर, हे माझे सासरे. मैदानं राखायचे. हे म्हणाले म्हणून माझं जमिनीकडे लक्ष गेलं.

साहेब : नमस्कार.

सासरे : नमस्कार. बूट काढायला तुम्हाला कोणी सांगितलं?

साहेब : कोणी नाही. हिच्या फोनवर जमीन हा शब्द ऐकला. वीस वर्षं मी ती फक्त पडद्यावर बघतोय. म्हटलं भेटायला जातोच आहे तर जरा रीतसर जावं. मऊ आहे.

सासरे : डावीकडे जास्त मऊ आहे. या असे.

सून : सर, ते शून्य...

साहेब : मी टाकलं. सांगतो. पहिलं काम बंदराचं होतं. मैलभर काँक्रीट, त्यावर लोखंडी पेट्या. तिथे जमीन शून्यच होती. उत्तर इतकं बरोबर आलं की मी ती फाईल जपून ठेवली. नंतर तीच उघडत गेलो. इमारती बदलत गेल्या, रस्ते बदलत गेले. जमीन मी बंदराचीच घेऊन हिंडलो, गावोगाव.

सासरे : मैलभर काँक्रीट काखोटीला मारून.

साहेब : हो. आणि वजन जाणवलं नाही, हे विशेष.

सून : सर, मी बघायला हवं होतं. सही माझी आहे.

साहेब : सही तुझी आहे, त्याखाली तपासलं म्हणून माझीही आहे. तपासलं म्हणजे काय केलं, तर तू साचा वापरलायस ना, एवढं बघितलं. म्हणजे मीच बरोबर असणार हे मीच तपासलं. वीस वर्षांत चाळीसएक माणसं त्या फाईलवर शिकली. हुशार मुलं. त्यांतल्या एकालाही तुझ्यासारखं शून्य खटकलं नाही. मला तर अजिबात नाही. सोपं उत्तर आलं की मला त्या दिवशी चहा जास्त गोड लागायचा.

सासरे : साहेब, ही घाबरली होती. तुम्हाला सांगायला.

साहेब : घाबरली आणि तरी सांगितलं. न घाबरता सांगणारे माझ्याकडे पुष्कळ आहेत, ते सहसा दुसऱ्याबद्दल सांगतात. बरं. आता सात दशांश घालून बेचाळीस आलंय, हे पडद्यावर दिसतंय. मोजलंय एक्केचाळीस. तो एक कुठे गेला?

सून : एवढा चालतो ना, सर?

साहेब : कालपर्यंत चालत होता. सगळं मैदान सात दशांश कसं असेल? तुमचं काय म्हणणं आहे?

सासरे : मला ते दशांश कळत नाहीत. पण सगळं मैदान एक कधीच नसतं. ही इथे बारीक वाट दिसते का गवतात? परिचारिका पाळी बदलताना इकडून जातात. ही तुमच्या काँक्रीटच्या जवळची. छत्री आत जातच नाही, बघा. पण पंख्यांच्या बाजूला गवत गुडघाभर आहे, तिकडे कोणी फिरकत नाही. आणि या खिडक्यांखाली कोणीतरी फुलझाडांसाठी वाफे खणून तसेच सोडलेत. पाय टाकलात तर घोट्यापर्यंत जाल. मी तुमच्या जागी असतो तर या वाफ्यांना सगळ्यात जास्त मार्क दिले असते.

साहेब : अगं, लिहून घे. वाट एक दशांश. पंख्यांजवळ नऊ दशांश. वाफे पूर्ण एक. आवाज जिथून निघतो आणि जिथे पोचतो, त्या दोन टोकांची जमीन मधल्यापेक्षा जास्त बोलते, हे आम्ही पुस्तकात शिकलो. ह्यांनी छत्रीने दाखवलं. चाला तुम्ही पुढे, सांगत चला. मी मागून येतो.

सासरे : काटा लागेल.

साहेब : लागू दे. माझ्या वाट्याचा आहे.

सून : सर, झालं. सगळे तुकडे भरले. आलंय एक्केचाळीस पूर्णांक दोन.

साहेब : पुन्हा वाच.

सून : एक्केचाळीस पूर्णांक दोन.

साहेब : वीस वर्षं मी याहून चांगला मायक्रोफोन घेऊन द्या म्हणून वरच्यांच्या मागे लागलो होतो. छत्री मागायला हवी होती. आता विश्वस्तांना फोन लावतो. तुम्ही दोघं ऐका, मी काही लपवून बोलत नाहीये ना बघा.

सासरे : आम्ही तिकडे तोंड करून उभे राहू?

साहेब : नको. इकडेच.

सून : सर, काय म्हणाले ते?

साहेब : आधी म्हणाले, रोलर भाड्याने आणलाय. मी म्हटलं, रोलर परत जाईल, फरशीखालची ही मऊ जमीन परत यायला वर्ष लागेल. मग म्हणाले, अहवाल तर शून्य म्हणतो. मी म्हटलं, अहवाल आमचा आहे आणि चुकीचा आहे, रोगी तुमचे आहेत आणि बरोबर झोपलेत. यावर म्हणाले, लेखी द्या, आत्ता द्या, रोलर फाटकाबाहेर काढतो. गाड्यांसाठी मागच्या बाजूचं जुनं डांबर बघतील. घे, लिही. प्रिय महोदय. आम्ही दिलेला अहवाल चुकीचा आहे. कारण आम्ही जमीन बघायला गेलो नव्हतो.

सून : सर, एवढं सरळ लिहायचं?

साहेब : दुसरं वाक्य सुचतंय तुला?

सून : नाही.

साहेब : मग राहू दे. खाली माझी सही.

सून : आणि माझी.

साहेब : तुझी कशाला? तुला अजून वीस वर्षं नोकरी करायचीय.

सून : म्हणूनच, सर.

साहेब : बरं. आणि तो निरोपाच्या दिवशी साचा छापून वाटायचा तुमचा बेत होता, तो मला कळलाय. शिपाई माझ्याशी बोलतो. छापा. फक्त जमिनीचा चौकोन कोरा ठेवा. शून्यसुद्धा नको. कोरा. जो जाऊन येईल तो भरेल.

सासरे : साहेब, मी एक सांगू? मी घरी रोज हिच्याकडून तुमची स्तुती ऐकतो. म्हातारपणी मत्सर वाटावा एवढी. आज मला वाटलं होतं, थोडी कमी होईल.

साहेब : झाली का?

सासरे : वाढली. आता मीही बोलणार जेवताना. मुलाचं काय व्हायचं ते होवो.

साहेब : अजून अकरा अहवाल आहेत. साच्यातून निघालेले आणि जिथे खाली काँक्रीट नाही असे. फोन आल्यावर गाडीत बसायच्या आधी मोजून आलो. एके ठिकाणी शाळा आहे. दोन ठिकाणी तर आमच्या भरवशावर फरशी होऊनही गेली असेल.

सून : सर, मी जाते. एकेक करून.

साहेब : आपण जाऊ. तीन महिने आहेत माझ्याकडे, आणि निरोपाच्या भाषणाची तयारी सोडून दुसरं काम नव्हतं. फरशी झाली असेल तिथे आधी कळवू, मग ऐकू, मग काय करता येईल ते बघू. अहो, तुम्ही सध्या काय करता?

सासरे : मी? काही नाही. सकाळी फिरायला जातो.

साहेब : कुठे?

सासरे : ठरलेलं काही नाही. तासभर पाय नेतील तिकडे.

साहेब : मंगळवारपासून मी पत्ता देत जाईन.